कोपऱ्यातला मोठा कॅन की प्रत्येक हूडपाशी छोटी बाटली?

नवी लॅब उभी करताना किंवा जुन्या लॅबची घडी नव्याने बसवताना हा प्रश्न येतोच. वापरून झालेले सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवायला वापरलेले द्रव) सगळ्यांनी मिळून कोपऱ्यातल्या २० लिटरच्या कॅनमध्ये ओतायचे, की ज्याच्या त्याच्या हूडपाशी, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कामाच्या कपाटापाशी, अडीच लिटरची बाटली ठेवायची? हॅलोजनवाले (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे असलेले) सॉल्व्हंट वेगळे, सायनाइडजवळ आम्ल नाही, सिंकमध्ये काहीही नाही, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे.

मोठ्या कॅनची बाजू लंगडी मुळीच नाही. एक लेबल, एक नोंदवही, खाली एक ट्रे. कचरा नेणाऱ्या एजन्सीची गाडी आली की काम पटकन आटोपतं. प्लॅस्टिकचा कॅन पडला तरी सहसा फुटत नाही. फक्त टोल्युइन आणि क्लोरीनवाले सॉल्व्हंट त्यात महिनोन्‌महिने ठेवू नयेत, प्लॅस्टिक मऊ पडतं. शिवाय दिवसभर कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची, भरपूर सॉल्व्हंट लागणारी नळी) चालवणाऱ्याची अडीच लिटरची बाटली दुपारीच भरते, त्याला कॅनच हवा. वजन मात्र लक्षात घ्या. डीसीएम (डायक्लोरोमिथेन, क्लोरीनवालं जड सॉल्व्हंट) आणि क्लोरोफॉर्मने भरत आलेला कॅन २५ किलोच्या आसपास जातो आणि तो कुणीतरी उचलायचा असतो.

माझं मत ज्यामुळे ठरलं ती गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे: हूडपासून कॅनपर्यंतचं अंतर. हातात उघडा बीकर घेऊन, वाटेतल्या लोकांना चुकवत, झाकण उघडून, ओतून, वहीत लिहून परत यायचं. दर वेळी हे कुणी करत नाही, आणि त्यात आळशीपणापेक्षा हातातली रिअॅक्शन सोडून जाता येत नाही हेच कारण जास्त असतं. मग बीकर हूडमध्येच साठत जातात. लेबल नसतं, कारण ‘आत्ता ओतायचंच आहे’. संध्याकाळी सगळे एकात एक रिकामे होतात आणि वहीत दोनच शब्द उमटतात: ‘मिश्र सॉल्व्हंट’. मी पाहिलेल्या प्रत्येक मोठ्या कॅनच्या वहीत हे दोन शब्द होते.

खरा धोका इथे आहे. एकाच्या बीकरमध्ये अझाइडचा अंश असतो, दुसरा त्याच कॅनमध्ये डीसीएम ओततो. दोघांचंही काम आपापल्या जागी बरोबर, पण कॅनमध्ये डायअझिडोमिथेनसारखा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. क्लोरोफॉर्म आणि अॅसिटोन एकत्र असताना वरून अल्कली पडली तर मिश्रण झपाट्याने तापतं. काचसामान धुतलेलं नायट्रिक आम्ल सॉल्व्हंटमध्ये गेलं तर कधीकधी लगेच काहीच दिसत नाही, वायू काही तासांनी साठतो, तोवर झाकण घट्ट लागलेलं असतं. हूडपाशी बाटली असली की आत काय आहे हे माहीत असलेला माणूसच त्यात ओतत असतो. मला हा फरक लेबल आणि वहीपेक्षाही मोठा वाटतो.

खर्चाचंही तेच. साध्या सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये कुणी डीसीएम ओतलं की अख्खा कॅन हॅलोजनवाल्या गटात जातो. जाळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो धुऊन काढणारी भट्टी लागते आणि दर वाढतो. बाटलीत तेच झालं तर नुकसान अडीच लिटरपुरतं.

बाटल्यांचा त्रास नाही असं नाही. हूडच्या तोंडाशी ठेवल्या तर हवेचा प्रवाह बिघडतो. त्या ट्रेमध्ये, कडेला आणि आत सरकवूनच ठेवायच्या. लेबलं पाचपट लिहावी लागतात. काच फुटते, आणि एचएफ (काच खाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल) असेल तर काच चालतच नाही. रिकाम्या बाटल्या पुन्हा वापरताना आधी त्यात काय होतं ते बघणं तर फारच महत्त्वाचं. नायट्रिकची जुनी बाटली सॉल्व्हंटच्या कचऱ्यासाठी कधीही घेऊ नका, कितीही धुतली असली तरी.

विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं चालणाऱ्या लॅबमध्ये, जिथे सगळे तोच प्रयोग करतात आणि कॅनपाशी कुणीतरी उभं असतं, तिथे मोठा कॅन कदाचित बरा पडेल. संशोधनाच्या लॅबमध्ये मी स्वतः प्रत्येक हूडला बाटली देईन आणि मोठा कॅन फक्त कॉलमच्या हेक्झेन-इथिल अॅसिटेटसाठी ठेवेन. बाटल्यांकडे वळलात तर एक पथ्य पाळा. बाटली नव्वद टक्के भरली की बंद करून आहे तशीच कचऱ्याच्या खोलीत पाठवा. जागा वाचवायला त्या मोठ्या कॅनमध्ये ओतायला लागलात, तर ‘मिश्र सॉल्व्हंट’ पुन्हा तयार होईल, फक्त दुसऱ्या खोलीत.