बालविवाह थांबवणं आणि रद्द करणं : इंदुरातल्या मोफत सरकारी सेवा कितपत कामाच्या?

लग्न अजून लागायचं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन उत्तम, पाचपैकी चार. फोन फुकट, चोवीस तास, नाव न सांगताही तक्रार घेतात. ठिकाण, तारीख आणि मुलीची शाळा, एवढं सांगा. शाळा अशासाठी की वयाचा पहिला पुरावा शाळेचा दाखला. तो नसेल तर महापालिकेचं जन्म प्रमाणपत्र, आणि तेही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावर विसंबू नका. दंडाधिकाऱ्यांचा मनाईहुकूम निघाल्यावर लावलेलं लग्न, निकाह असो की सप्तपदी, मुळातच रद्दबातल.

लग्न उरकलेलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (१५१००). स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत. पण अर्ज वाचल्याशिवाय सही नको, म्हणून इथे अडीचच. मुस्लीम मुलीचा अर्ज नुसता १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यावर उभा केला की फसला. त्यात लग्न पंधराच्या आत झालेलं हवं, ते अठराच्या आत नाकारलेलं हवं आणि शरीरसंबंध आलेला नको. सोळाव्या वर्षी निकाह झालेल्या मुलीला त्याचा काय उपयोग? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचं कलम ३ बरंच ऐसपैस आहे: वीस पूर्ण होण्याआधी केव्हाही अर्ज, संबंधाची अट नाही, दागिने परत, शिवाय कलम ४ खाली पुनर्विवाहापर्यंत पोटगी. नवरा अल्पवयीन असेल तर ती त्याच्या आईवडिलांकडून. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकासोबत बालविवाह प्रतिबंध अधिकारीही अर्जात लागतो. तो राहिला की काम तिथेच अडतं. लग्न देवासला झालं असलं तरी मुलगी इंदुरात राहत असेल तर अर्ज इथेच चालतो.

समोरचा वकील शरियतमधलं लग्नाचं पंधरा वर्षांचं वय काढणारच. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये २००६ चा कायदा सर्वधर्मीयांना लागू धरला. पंजाब-हरियाणाने २०२२ मध्ये उलट कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हा प्रश्न मोकळाच ठेवला. तेव्हा मांडणी २००६ वर, आणि १९३९ बसत असेल तर पर्याय म्हणून.

खरी खोट कायद्यातच आहे. सीडॉ, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं कलम १६(२) बालविवाहाला कायदेशीर परिणामच नाकारतं. भारताने १९९३ मध्ये तो स्वीकारला, पण कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय त्याच्या खासगी बाबींत हात घालणार नाही, असं बजावून. आणि आपल्याकडे मुलगी स्वतः कोर्टात गेली नाही तर लग्न सहसा कायम. पोटगीसाठी शहाबानो याच इंदूरच्या कोर्टाची पायरी चढल्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीकडून तीच अपेक्षा करणं जरा जास्तच.

निकाहनामा सासरी अडकला असेल तर काझींच्या नोंदवहीतली नक्कल मागवायला वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.