विमानाचे पॉइंट, बँकेचे पॉइंट की रेल्वेचे? गावाकडच्या घरासाठी हिशोब

"भाऊ, बँकवाला कार्ड देतो म्हणते. पॉइंटवर विमान फुकट. घेऊ का?" चुलतभावाचा फोन. घर दारव्हा तालुक्यात, पोरगी पुण्याला शिकते, वर्षातून एकदा चौघंही मुंबईला त्याच्या साळ्याकडे जातात. अशा घरासमोर तीन वाटा आहेत: विमान कंपनीचं खातं, बँकेचं ट्रॅव्हल कार्ड, नाहीतर रेल्वेचं कार्ड.

सगळ्यांची गल्लत होते ती एका गोष्टीत. विमान कंपनीचे पॉइंट जो उडतो त्याचे. कार्डाचे पॉइंट ज्याच्या कार्डावरून पैसे गेले त्याचे. चौघांची तिकिटं तुम्ही काढली तरी पॉइंटची योजना एअर इंडियाची (महाराजा क्लब) असो की इंडिगोची (ब्लूचिप), तुमच्या खात्यात पॉइंट पडतात ते तुमच्या एकट्याच्या सीटचे. बाकीच्यांचे त्यांच्या त्यांच्या खात्यात, तेही खातं असलं तर. चार ठिकाणी चार चिल्लर ढिगारे पडले, तर तिकीट एकाचंही होत नाही. त्यात पॉइंट आता भाड्याच्या रकमेवर मिळतात, अंतरावर नाही. म्हणजे स्वस्तात तिकीट गाठलं की पॉइंटही तेवढेच बारीक. पुढे पॉइंटवर तिकीट काढलं तरी कर बहुधा खिशातूनच भरावे लागतात, तेव्हा 'फुकट' हा शब्द जरा सांभाळून घ्या.

तरी खातं उघडायला पैसा लागत नाही, म्हणून उघडून ठेवायला हरकत नाही. नाव मात्र अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. माझे एका प्रवासाचे पॉइंट असेच बुडाले. खात्यावर वडिलांचं नाव मध्ये होतं, तिकिटावर नुसतं नाव-आडनाव. बोर्डिंग पास होता, पण आलमारीत सातबाऱ्याच्या फायलीत. सापडला तोवर दावा करायची मुदत उलटून गेली होती.

बेलोऱ्याचंही सांगतो, कारण यवतमाळकडून आम्हाला अमरावतीचं हे विमानतळ रस्त्यावरच पडतं. एप्रिल २०२५ मध्ये तिथून मुंबईचं विमान सुरू झालं ते अलायन्स एअरचं. ही कंपनी २०२२ पासून एअर इंडियापासून वेगळी आहे, म्हणून त्या प्रवासाचे पॉइंट महाराजा क्लबात येतील असं धरून चालू नका. अनुभव म्हणाल तर पंख्याचं छोटं विमान, आवाज जास्त, पण ढग नसले तर खालची वावरं छान दिसतात. नागपुरात मोठी विमानं आहेत, लाऊंज, म्हणजे विमानाची वाट पाहत बसायची-खायची खास खोलीही आहे. आईला एकदा लाऊंजमध्ये नेलं, तर पोह्यांवर तर्री नाही म्हणून तिने वाटी तशीच ठेवली. लाऊंजच्या नादाने कार्ड घेणाऱ्यांनी अटी वाचाव्यात. बऱ्याच बँका आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात.

आता बँकेचं ट्रॅव्हल कार्ड. नोकरीवाल्याला ते परवडतं, कारण पगार महिन्याला येतो आणि बिलही महिन्याला. कास्तकाराचं तसं नाही. समजा जूनमध्ये कृषी केंद्रात बियाणं-खताचे ४०,००० रुपये कार्डावर टाकले. शेकडा एक धरला तर पॉइंट ४०० रुपयांचे. बिल भरायची तारीख पडते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कापसाचा पैसा येतो दिवाळीनंतर. बिल पूर्ण भरलं नाही की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तेही खरेदीच्या तारखेपासून. महिन्याचे १,४०० झाले, वर १८ टक्के जीएसटीचे २५२. पहिल्याच महिन्यात ४०० च्या पॉइंटपायी १,६५२ गेले, आणि दिवाळी अजून लांबच. उलट पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. बी-बियाण्याचा पैसा तिकडूनच उचलावा. डिझेलवर पॉइंट मिळतील ही आशाही बहुतेक कार्डांवर फोल ठरते.

राहिलं रेल्वेचं. आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांचं मिळून जे प्लॅटिनम कार्ड आहे, त्याची सुरुवातीची फी ५०० रुपये आणि वर कर. आयआरसीटीसीवर एसी आणि चेअर कारची तिकिटं काढली की रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत पॉइंट, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. स्लीपरला हा फायदा नाही, हे आधीच समजून घ्या. पण चौघंही विदर्भ एक्स्प्रेसने थर्ड एसीत बडनेऱ्याहून मुंबईला जाऊन-येऊन असतील, आणि पोरगी अजनी-पुणे वंदे भारतच्या चेअर कारने ये-जा करत असेल, तर वर्षाला १२,००० ची तिकिटं सहज होतात. म्हणजे १,२०० रुपयांपर्यंत पॉइंट, फी वसूल, आणि सगळे एकाच खात्यात. गावातल्यांची तिकिटं आपल्या आयडीवरून कमिशन घेऊन काढायचा मोह मात्र नको. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तो गुन्हा आहे. घरच्यांची, नातेवाईकांची खुशाल काढा. आधार जोडलेल्या आयडीवर महिन्याला २४ तिकिटं निघतात.

भावाला म्हटलं, तुला रेल्वेचं कार्ड पुरे, आणि बिल पूर्ण भरायची धमक नसेल त्या वर्षी तेही कपाटात ठेव. पुतण्याचं वेगळं आहे. तो हिंजवडीत आहे, कंपनी त्याला महिन्यातून दोनदा विमानाने पाठवते. तिकीट कंपनीचं, पॉइंट त्याचे. त्याने रेल्वेच्या कार्डाच्या मागे न लागता एकाच विमान कंपनीचं खातं धरून ठेवावं.

परवा भावाचा परत फोन. विमानाचीही खाती उघडायला बसला होता, आणि बायकोचं आधारवर अजून माहेरचंच आडनाव. "आता?" म्हणाला. म्हटलं, खातंही त्याच नावाने उघड आणि तिकीटही त्याच नावाने काढ, आणि हे सासूबाईंना सांगू नको.