वंशावळीचं ॲप आठ महिने वापरल्यावर

जानेवारीत वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, आता आठ महिने झाले म्हणून लिहितोय. नाव देत नाही, कारण हे बहुतेक सगळ्याच ॲपना लागू पडेल.

वडिलांची बाजू आठवड्यात भरून झाली. आमचं कुलदैवत म्हाळसा, मूळची गोव्यातल्या वेर्ण्याची, सोळाव्या शतकात पोर्तुगीज साष्टीतली देवळं मोडायला लागले तेव्हा अंत्रुजात, म्हणजे आताच्या फोंड्याच्या भागात, म्हार्दोळला आली, तेव्हा हा भाग त्यांच्या ताब्यात नव्हता, आणि आमची माणसंही तिच्या मागोमाग आली असं घरात सांगतात. काकांच्या वहीत सात पिढ्या होत्या. पण सगळे बाप्येच, देवस्थानातल्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या, यादीतही बाप्येच. आई आणि आजी सोडल्या तर बायकांच्या पाच चौकटी रिकाम्या, आणि ॲपमध्ये त्या करड्या रंगात रोज समोर येतात, खूप लागतं ते.

आजीचंही फक्त सासरचं नाव ठाऊक, लक्ष्मी. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात ना, मग जुनं गेलंच. ॲपमध्ये माहेरचं आडनाव टाकायला जागा आहे पण माहेरचं नाव टाकायला नाही, शेवटी टोपणनावाच्या रकान्यात टाकावं लागतं. आईबापांनी ठेवलेलं नाव टोपणनाव कसं? दोनदा मेल केला, उत्तर नाही.

दुसरं म्हणजे आपोआप येणारी मॅच, दुसऱ्यांच्या झाडातली माणसं आपलीच असावीत असं ॲप सुचवतं ती. आडनाव जुळलं म्हणून मी एकदा हो म्हटलं आणि चाळीसेक परके लोक आमच्या झाडात घुसले, काढायला दोन रविवार गेले. कागद बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

खरा उपयोग झाला तो त्या चौकटींमुळेच, बघून बघून गप्प बसवेना. पोर्तुगीज अमदानीत लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवायचे आणि त्यात नवरीच्या आईबापांचीही नावं असतात, हे कळलं आणि मी आजी-आजोबांची नोंद शोधायला लागलो. तीन खेपा झाल्या. शोधताना स्पेलिंग पोर्तुगीज धरा, प्रभूचं पोरोबो होतं, कामतचं कामोतिम, आणि 'श' एक्सने लिहितात, एसखाली शांता सापडणारच नाही. चौथ्या खेपेला तपकिरी शाईतली ती ओळ मिळाली, क्लार्कबाईंनी बोट ठेवून वाचून दाखवली. 'फिल्य' म्हणजे मुलगी. आजी सुंदरी, तिची आई येसू.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती चौऱ्याऐंशीची, तिच्या आईचं, म्हणजे आजीचं, माहेर लग्नानंतर तुटलं, का तुटलं ते कोणी बोललंच नाही असं नेहमी सांगायची. येसू म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, आई जात्यावर बसली की येसूमाय येसूमाय म्हणायची, मला वाटायचं कुठली तरी देवी." ते मी तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून आजीच्या चौकटीला जोडलंय. ही सोय ॲपची सगळ्यात चांगली, फक्त तेवढ्यासाठीही मी पैसे दिले असते. घरात म्हातारी माणसं असतील तर आधी फोन घेऊन त्यांच्यापाशी बसा, कागद नंतरही मिळतील.

दर महिन्याला झाडातली माहिती जेडकॉम फाईलमध्ये (वंशावळीच्या माहितीसाठीचा फाईलचा प्रकार) उतरवून ठेवा, वंशावळीच्या दुसऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते, रेकॉर्डिंग मात्र वेगळी जपून ठेवा. सबस्क्रिप्शन जानेवारीपर्यंत आहे, पाच चौकटी अजून बाकी. शनिवारी आत्याला घेऊन वेर्ण्याला चाललोय.