जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी: उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी

डीईआयसी म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र. इथल्या स्पीच थेरपीला, म्हणजे बोलायला शिकवण्याच्या उपचाराला, मी पाचपैकी पाच देते. ती खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचण्याच्या सोयीला दोन. गुण वेगवेगळे दिलेत, कारण एकत्र केले तर तिथं जीव ओतून काम करणाऱ्या थेरपिस्ट मॅडमवर अन्याय होईल.

आमचं गाव जिल्ह्याच्या पार टोकाला. मुलगी तीन वर्षांची होत आली तरी आई, पप्पा, पाणी एवढंच बोलायची. कळायचं सगळं. हात धरून फडताळापाशी न्यायची आणि डब्याकडे बोट दाखवायची. घरी वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, ‘हिचा बापपण उशिराच बोलला’ हेही ऐकून झालं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासून जिल्ह्याला जायची चिठ्ठी दिली. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो 2013 पासून चालू आहे, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि बोलण्यातला उशीरही त्यात धरलेला आहे. आमच्या गल्लीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा कान तपासतात. ऐकू किती येतं ते कळल्याशिवाय पुढं काय करायचं ते ठरत नाही. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून रात्री उशिरापर्यंत जागवून आणा म्हणाले. जागवलं. पोरगी सगळा रस्ता एसटीत झोपली आणि मशीनपाशी पोचल्यावर टक्क जागी! शेवटी झोपेचं औषध द्यावं लागलं. लांबून येणाऱ्या प्रत्येक आईचं हेच होत असणार. तपासणीची वेळ दुपारची दिली तर निम्मा त्रास वाचेल. कान चांगले निघाले.

मग थेरपी सुरू झाली. मला वाटलेलं, मॅडम तिला आत नेतील आणि बोलायला शिकवतील. त्यांनी मलाच समोर चटईवर बसवलं. ‘म्हण म्हण’ करून मागं लागायचं नाही. ‘हे काय, ते काय’ असे प्रश्न कमी करायचे. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून आपण बोलायचं आणि मग थांबायचं, मनात पाच आकडे मोजेपर्यंत. ते थांबणंच सगळ्यात अवघड आहे, आपल्याला गप्प राहवत नाही. दोन्ही हातांत वस्तू धरून ‘भाकरी की केळं?’ विचारायचं. ती ‘केळं’ म्हणाली की आपण ‘केळं दे’ म्हणायचं, म्हणजे एकाचे दोन शब्द तिच्या कानावर पडतात. घरात बोलतो तीच बोली बोला, मोबाईलवरची इंग्रजी गाणी बंद करा, असंही सांगितलं. गोठ्यात, चुलीपाशी, नळावर, कुठंही करता येतं हे. आता ती ‘आजी, शेळी पळाली’ एवढं बोलते. क चा अजून त होतो, काकीला ‘ताती’ म्हणते. त्यावर काम चालू आहे.

आता त्या दोन गुणांबद्दल. औषधोपचार फुकट, 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. मला एसटीत अर्धं तिकीट. तरी अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी आख्खा दिवस जातो आणि रोजगार बुडतो. सोयाबीनच्या काढणीत आमची वस्ती जिल्ह्याला जाऊच शकत नाही. आख्ख्या जिल्ह्याला मॅडम एक, त्याही कंत्राटी. मधे पद रिकामं होतं तेव्हा चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या आणि आम्ही तसेच परत आलो. तालुक्याला खासगीसुद्धा कुणी नाही.

मॅडमनी स्वतःहून व्हॉट्सॲपचा मार्ग काढला. जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मी पाठवते, त्या बघून सांगतात, ‘इथं तुम्ही फार लवकर बोललात, ताई.’ याचा खरंच उपयोग होतो. व्हिडिओ कॉल मात्र निरुपयोगी, पोर पडद्यासमोर बसत नाही आणि रेंज फक्त गच्चीवर.

माझी मागणी एवढीच आहे की थेरपिस्टचा आठवड्यातला एक ठरलेला दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असावा. एक खोली, एक चटई आणि चार खेळणी पुरतात. आरबीएसकेची गाडी गावोगाव फिरते, मूल शोधून काढते. पुढचा उपचार मात्र त्याच मुलाला इतका लांब ठेवलाय, हे मला पटत नाही.

जाणार असाल तर पथकाची चिठ्ठी आणि मुलाचं आधार कार्ड न्या. अपंगत्वाचा दाखला लागत नाही, कुणी मागितला तर तसं सांगा. मुलाच्या ओळखीचं एक खेळणं बरोबर ठेवा. आणि आजीला घेऊन जा, दिवसभर पोर तिच्यापाशीच असतं, तिनंही शिकून घेतलेलं बरं.