लंगड्या घोडीचं रुग्णालयात निदान: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. कर्नाटकातल्या चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यातून घोडं गाडीत घालून पशुवैद्यकीय रुग्णालयात नेणं वसूल झालं. पण ते एक्स-रे यंत्रामुळे नव्हे. वसूल झालं ते पाय खालून वर टप्प्याटप्प्याने बधिर करत दुखरी जागा शोधण्यामुळे, आणि पुढच्या पाच महिन्यांत त्याच जागेच्या आणखी दोन सोनोग्राफी केल्यामुळे.

घोडी गाडीची, वजन अंदाजे तीनशे किलो. उजवा पुढचा पाय लंगडत होता. सूज नाही, गरमपणा नाही. तीन आठवड्यांत दोनदा नाल बदलले, पायाला लेप झाले, वेदनाशामकाची इंजेक्शनं झाली. इंजेक्शन दिलं की दोन दिवस बरी, की पुन्हा तेच. आपल्याकडे बहुतेक घोड्यांचं असंच चालतं, आणि त्यात मूळ दुखणं वाढत जातं.

नेण्याआधी सगळ्यात मोठी चूक होते ती औषधाची. ब्यूट (फिनाइलब्युटाझोन), फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकांपैकी काहीही चालू असेल तर घोडं डॉक्टरसमोर नीट चालतं आणि खेप वाया जाते. किती दिवस आधी बंद करायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारा. साधारण चार-पाच दिवस सांगतात. कोणतं औषध, किती आणि शेवटचं कधी दिलं, ते कागदावर लिहून न्या. डायक्लोफेनॅक कोणी देऊ केलं तर घेऊ नका. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे.

दुसरी चूक म्हणजे आदल्या दिवशी नाल उपटणं. अनवाणी खूर प्रवासात फुटतो, तळवा दुखावतो आणि मग जुनं लंगडणं कुठलं, नवं कुठलं हे कळत नाही. चाल बघून होईपर्यंत नाल राहू द्या. नाल काढायची पक्कड आणि कानस मात्र सोबत ठेवा, कारण रुग्णालयात नालबंद असेलच असं नाही.

पिकअपमध्ये वाळू आणि वर उसाचं पाचट टाकलं की पाय घसरत नाही. फळीवरून चढवण्यापेक्षा गाडी बांधाला मागून लावणं सोपं. दुखणं पुढच्या पायाचं असेल तर घोड्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवा. ब्रेक लागला की जोर मागच्या पायांवर येतो. पाय टेकतच नसेल किंवा हाड मोडल्याचा संशय असेल तर मात्र गाडीत चढवू नका. आधी 1962 ला (फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर) फोन करून डॉक्टर जागेवर बोलवा, पायाला आधार बांधून घ्या, मग पुढचं ठरवा. टेकत नसलेला पाय पुष्कळदा नुसता खुरातला पू निघतो आणि तो गोठ्यातच मोकळा करता येतो. त्यासाठी दीडशे किलोमीटर नेऊ नये. धनुर्वाताची लस मात्र विसरू नका, घोड्याला हा रोग फार लवकर होतो.

महाराष्ट्रात, म्हणजे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे जायचं असेल तर निपाणीपासून दोनशेच्या वर किलोमीटर पडतात. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरकडून घोडं निरोगी आणि प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. ग्लँडर्स हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, त्यामुळे त्याची साथ असली की घोड्यांची ने-आण अडते. कर्नाटकातल्या रुग्णालयात कागद कन्नडमध्ये होतात. तोंडी ‘कुदुरी कुंटतैती’ (घोडं लंगडतंय) एवढ्यावर भागतं, पण कधीपासून, कशावर आणि कशाने वाढतं हे सांगायला कन्नड येणारा माणूस बरोबर ठेवा.

आता मुख्य भाग. आधी कठीण, सपाट जमिनीवर तीसेक मीटर चालवून आणि दुडकीवर पळवून बघतात. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. दोरी दोन फूट सैल सोडा. आखडून धरली की डोक्याची हालचालच दबते आणि डॉक्टरला काही दिसत नाही. आपल्याकडचा रुबाबात दोरी आखडून घोडं पळवणारा गडी इथे कामाचा नाही. लंगडण्याची पायरी शून्य ते पाच मोजतात: तीन म्हणजे दुडकीवर दर वेळी दिसणारं, चार म्हणजे चालतानाही उघड, पाच म्हणजे पाय जेमतेम टेकणारा. ही घोडी तीनची. गोल फिरवताना दुखरा पाय बाहेरच्या बाजूला आला आणि जमीन मऊ असली की जास्त लंगडायची. जाणत्या डॉक्टरला एवढ्यावरच संशय येतो.

मग चिमट्याने खूर दाबून पाहिला, सांधा मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच पळवलं. त्यातून ठाम काही निघालं नाही. त्यानंतर बधिर करणं सुरू झालं. टाचेच्या वर दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड मिलिलिटर औषध टोचतात, पाच-दहा मिनिटं थांबतात आणि पुन्हा पळवतात. लंगडणं गेलं तर दुखणं खुराच्या मागच्या भागात. राहिलं तर एक टप्पा वर. खालूनच का? कारण वर टोचलं की त्याखालचं सगळं बधिर होतं आणि मग कुठलं दुखत होतं ते सांगता येत नाही. हे दोन-अडीच तासांचं काम आहे, आणि मालक इथेच कंटाळतो, ‘एक्स-रे काढून मोकळे व्हा’ म्हणतो. म्हणू नका. खुराचा एक्स-रे इथे स्वच्छ आला असता आणि दोष पुन्हा नालबंदाच्या माथी गेला असता. हाडाला तडा असल्याची शंका असेल तर मात्र बधिर करू देऊ नका. दुखणं थांबलं की घोडं पूर्ण भार टाकतं आणि तडा गेलेलं हाड मोडतं.

तीन टप्प्यांनंतरही लंगडणं तसंच होतं. चौथ्यात, गुडघ्याच्या लगेच खाली बधिर केल्यावर घोडी सरळ पळाली. सोनोग्राफीत कारण दिसलं: नळीच्या हाडामागून जाणाऱ्या सस्पेन्सरी लिगामेंटच्या (खुरावरचा सांधा तोलून धरणाऱ्या पट्ट्याच्या) उगमाशी इजा. हे लिगामेंट दोन कंडरांच्या आड खोल असतं, म्हणून बाहेरून सूज दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. या जागी टोचलेलं औषध कधी कधी गुडघ्याच्या खालच्या सांध्यातही उतरतं. तेव्हा गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, आणि तो काढणं योग्यच आहे. म्हणजे एक्स-रे नको असं नाही, जागा ठरल्यावर हवा. खुराचा काढायचाच असेल तर नाल काढून तळवा घासतात आणि त्रिकोणी मऊ भागाच्या बाजूच्या खाचा मऊ लगद्याने भरतात. नाहीतर खाचेतल्या हवेची काळी रेघ हाड मोडल्यासारखी दिसते.

पुढचे महिने खरे कठीण. बारा बाय बारा फुटांची बंद जागा, सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा मिनिटं हातात धरून चालवणं, मग दर दोन आठवड्यांनी पाच-पाच मिनिटं वाढ. औषधापेक्षा हेच जास्त उपयोगी पडलं. ‘मऊ जमीन पायाला बरी’ हा आपल्याकडचा समज या दुखण्यात उलटा आहे. मऊ जमिनीत खुरावरचा सांधा जास्त खाली जातो आणि हेच लिगामेंट ताणलं जातं. त्यामुळे पावसाळ्यात काळ्या रानातून चालवणं बंद, टणक मुरुमावर चालवणं सुरू. खुराचा पुढचा भाग वाढू द्यायचा नाही, टाच खचू द्यायची नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागला.

बसून असलेल्या घोडीचा हरभरा आणि भरडा पहिल्या दिवसापासून तोडा. सुकं गवत वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे हिला रोज साडेचार ते सहा किलो. कारखाने सुरू झाले की उसाचं वाडं स्वस्तात मिळतं आणि लोक भारेच्या भारे टाकतात. त्यात साखर असते. काम नसलेल्या, अंगाने भरलेल्या घोड्याला त्याने खुराच्या आत सूज (लॅमिनायटिस) येऊ शकते, आणि ते दुखणं या लंगडण्यापेक्षा फार वाईट. पुढचे पाय समोर ताणून घोडं मागे झुकलेलं दिसलं तर चालवू नका, खूर बर्फात ठेवा आणि डॉक्टरला बोलवा.

तक्रारही आहे. अडीच महिन्यांनी दुसऱ्या सोनोग्राफीला गेल्यावर तपासणारे डॉक्टर वेगळे निघाले आणि पहिल्या वेळची चित्रं जपून ठेवलेली नव्हती. तुलना तोंडी वर्णनावर झाली. तेव्हा पहिल्याच खेपेला पाच गोष्टी लिहून मागा: लंगडण्याची पायरी, कुठे बधिर केलं, किती वेळाने काय फरक पडला, इजा गुडघ्यामागच्या हाडापासून किती सेंटिमीटर खाली आहे, आणि लिगामेंटची जाडी दोन्ही पायांत किती. चित्रं पेन ड्राइव्हवर घ्या. दुडकीचा व्हिडिओ दर महिन्याला त्याच जागी, त्याच बाजूने काढा. पाचव्या महिन्यात तिसऱ्या तपासणीला हेच व्हिडिओ सगळ्यात जास्त कामाला आले.

घोडी सहाव्या महिन्यापासून चालताना आणि दुडकीवरही सरळ दिसते. गोंधळ इथेच होतो. लंगडणं आधी जातं, तंतू भरून यायला त्यानंतरही वेळ लागतो. माघात चिंचलीची मायाक्काची यात्रा आली की गाडीला जुंपायचा मोह होतो, आणि बरीच घोडी तेव्हाच पुन्हा बसतात. सध्या चाळीस मिनिटं चाल आणि मध्ये पाच-पाच मिनिटांची दोनदा दुडकी चालू आहे, तीही सरळ रेषेत. गोल फिरवणं आणि गाडी चौथ्या सोनोग्राफीपर्यंत बंद.