साथीचा माग काढायला शॉर्ट-रीड घ्यावं की नॅनोपोअर?

प्रयोगशाळेत जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए अक्षर न् अक्षर वाचणं, सुरू करायचं ठरलं की पहिला वाद मशीनवरून होतो: छोटे तुकडे वाचणारं शॉर्ट-रीड की लांब तुकडे वाचणारं नॅनोपोअर. त्याआधी एवढंच ठरवा, माग कोणत्या जंतूचा काढायचा आहे?

क्षयाचा असेल तर माझं मत शॉर्ट-रीडला. या जंतूच्या जिनोममध्ये डीएनएची सुमारे 44 लाख अक्षरं (ए, सी, जी, टी) असतात आणि दोन वर्षांत त्यातलं सरासरी जेमतेम एक बदलतं. दोन रुग्णांच्या नमुन्यांत 5 किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची, 12 च्या वर गेला तर बहुधा संबंध नाही, असा ढोबळ आडाखा वापरतात. इतक्या बारीक हिशेबात मशीनच्याच सात-आठ चुका मिसळल्या तर एकाच घरातले दोन रुग्ण एकमेकांना परके ठरायचे. इल्युमिना कंपनीची शॉर्ट-रीड मशीनं 150 ते 300 अक्षरांचे तुकडेच वाचतात, पण चोख वाचतात. हजारात एखादं अक्षर चुकतं, तेही तीच जागा तीस-चाळीसदा वाचली की निस्तरतं.

नॅनोपोअरमध्ये डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून सरकतो आणि विद्युतप्रवाहाच्या चढउतारावरून अक्षर ओळखलं जातं. सलग आठ-दहा ‘ए’ आले की प्रवाह जवळजवळ सपाट राहतो आणि मोजणी चुकते. नव्या छिद्रांनी हा दोष बराच कमी केलाय. तरी काही चुका नेमक्या त्याच जागी होतात, त्या शंभरदा वाचूनही जात नाहीत. वेगाचं म्हणाल, तर क्षयाचा जंतू वाढवायलाच कित्येक आठवडे जातात. पुढचा मशीनचा रन काही तासांत झाला काय नि दोन दिवसांत झाला काय!

इबोलाची गोष्ट वेगळी. 2015 मध्ये गिनीत संशोधकांनी प्रवासी सामानातून नॅनोपोअरची अख्खी प्रयोगशाळा नेली. मशीन तळहातावर मावणारं, लॅपटॉपला जोडायचं. तिथे 142 नमुने वाचले गेले आणि काहींचा निकाल नमुना मिळाल्यापासून 24 तासांच्या आत आला. शॉर्ट-रीडला पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबण्यातच वेळ गेला असता.

रुग्णालयात औषधांना न जुमानणारे जंतू पसरत असतील तरीही नॅनोपोअरचे लांब तुकडेच हवेत. शॉर्ट-रीडवर प्रतिकाराचं जनुक सापडतं, पण ते कोणत्या प्लाझ्मिडवर (जंतूंमध्ये इकडून तिकडे जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) बसून एका जंतूतून दुसऱ्यात शिरलं, हे बऱ्याचदा उलगडत नाही. मग लांब तुकड्यांवर सांगाडा उभारायचा आणि शॉर्ट-रीडने अक्षरं तपासून घ्यायची. अर्थात मोजक्याच नमुन्यांची, कारण खर्च दुहेरी होतो.