मलपृष्ठ की नमुन्याची पानं?

तीन-चारशे रुपयांखाली बरी कादंबरी मिळणं कठीण झाल्यापासून ‘आवडलं तर आवडलं’ म्हणून पुस्तक उचलणं परवडत नाही. घेण्याआधी हाताशी दोन गोष्टी असतात: मलपृष्ठावरचा मजकूर, म्हणजे ब्लर्ब, आणि नमुन्याची पानं. कशावर भिस्त ठेवायची ते पुस्तकाच्या प्रकारावर ठरवावं.

ब्लर्बवरून विषय कळतो, भाषा कळत नाही. तो बऱ्याचदा प्रकाशकाकडच्या कुणीतरी लिहिलेला असतो, नाहीतर प्रस्तावनेतून उचललेला. ‘दाहक’, ‘अस्वस्थ करणारी’, ‘खिळवून ठेवणारी’ ही विशेषणं खोडून टाका आणि खाली काय उरतं ते बघा. गाव, काळ, माणूस, त्याच्यापुढचा पेच यातलं काही उरलं, तर मजकूर कामाचा. चरित्र किंवा वैचारिक पुस्तक असेल तर एवढं आणि जोडीला अनुक्रमणिका पुरते. रहस्यकथेचा ब्लर्ब मात्र मी पहिल्या दोन वाक्यांनंतर सोडतो. खून कुणाचा झाला हे तिथेच सांगून टाकणारे महाभाग आहेत.

कादंबरी घेताना माझा कौल नमुन्याला. किंडलवर साधारण पहिला दहा टक्के भाग फुकट वाचता येतो, म्हणजे 200 पानांतली 20. पण आपल्याकडे अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश आणि वर एखाद्या ज्येष्ठांची ऐसपैस प्रस्तावना! नमुना संपला तरी कादंबरीचं पहिलं वाक्य आलेलं नसतं. कथासंग्रहात उलट, कधीकधी एक अख्खी कथा पदरात पडते. बुकगंगासारख्या साइटवरही काही पुस्तकांची निवडक पानं दिसतात.

अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत तर ब्लर्बकडे बघूच नये. तिथे परदेशी वृत्तपत्रांनी केलेली वाहवा छापलेली असते, ती मूळ पुस्तकाची. मराठीत ते कसं उतरलंय, याबद्दल अवाक्षर नसतं. नमुना उघडून थेट संवाद शोधा. नवरा-बायको सरकारी परिपत्रकासारखं बोलत असतील, किंवा ‘जो’, ‘ज्याने’, ‘ज्यामुळे’ यांची साखळी दर वाक्यात लागत असेल, तर मूळ लेखक कितीही थोर असो, पुढची तीनशे पानं ढकलत न्यावी लागतील. इंग्रजी जमत असेल तर मूळ पुस्तक घ्या.

नमुन्यातही एक मेख आहे. तो सुरुवातीचाच असतो, आणि सुरुवातीवर लेखकाने सगळ्यात जास्त हात फिरवलेला असतो. म्हणून दादरला किंवा अप्पा बळवंत चौकात जाणं होत असेल तर दुकानात उभ्याने मधलं कुठलंही पान वाचा. प्लास्टिकचं वेष्टन असेल तर उघडलेली प्रत मागायला लाजू नका. ऑडिओबुकाचा तुकडा ऐकताना वाचणाऱ्याचा आवाज आठ-दहा तास सोसेल का, एवढंच तपासा.

भेट द्यायची असेल तर मात्र ब्लर्बच बघा. मावशीला नर्मदा परिक्रमेबद्दल वाचायला आवडतं हे आपल्याला माहीत असतं. तिला कुठली शैली रुचेल, हे आपण आपल्या आवडीवरून ठरवायला जातो आणि पुस्तक तिच्या कपाटात तसंच पडून राहतं.